विजेच्या बॉम्बची भीती घालता, मग लाईनमन कोठे आहेत?

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. केंद्रीय गृहमंत्रालयाने २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांना आदेश दिले. भोंगे वाजवावयाचे, दिवे मालवावयाचे, विद्यार्थ्यांना हल्ल्याच्या वेळी काय करावयाचे ते शिकवावयाचे, हवाई दलाशी असलेला रेडिओ संपर्क तपासावयाचा असे त्याचे स्वरूप होते. सराव व्हावयासच हवा, त्याबद्दल कामगार संघटनांचा काही वाद नाही. परंतु दिवे मालवण्याच्या या सरावात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती म्हणजे दिवे चालू असतील आणि ते आपण आपल्या हाताने बंद करू. ज्या हल्ल्यात दिवे आपोआपच जातील, भोंग्याची लाईनही जाईल, जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावरचा फोन आणि खिशातला मोबाईल एकाच क्षणी मुका होईल, त्या हल्ल्याचा सराव कोणी करावयाचा?

अशा हल्ल्याला विद्युतचुंबकीय स्पंदाचा हल्ला म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ईएमपी’. सीमेवर तणाव वाढला की दूरदर्शन वाहिन्यांवर तज्ज्ञांचा बाजार भरतो आणि त्यात हा शब्द हमखास येतो. एक स्फोट, आणि देश शंभर वर्षे मागे, असे वर्णन केले जाते. ऐकणारा घाबरतो, वाहिनीला प्रेक्षक मिळतात आणि संरक्षणाची यंत्रे विकणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळते. वीज, दूरसंचार, रेल्वे, खाणी या खात्यांत ज्यांनी हाडाची काडे केली त्या कामगारांनी तरी हा विषय भीतीने न पाहता हिशेबाने पाहिला पाहिजे. कारण असा प्रसंग आलाच तर खांबावर चढावयाचे आहे ते आपल्यालाच, वाहिनीवरच्या तज्ज्ञाला नव्हे.

मुळात हे आहे काय? अणुबॉम्ब जमिनीवर न फोडता वातावरणाच्या वर, काहीशे किलोमीटर उंचीवर फोडला तर खाली घरे पडत नाहीत, माणसे भाजत नाहीत. परंतु स्फोटातून निघालेले गॅमा किरण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात, तेथील इलेक्ट्रॉन सुटतात, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ते वळतात आणि त्यातून एक जबरदस्त विद्युत लाट खाली येते. तिचे तीन भाग सांगतात. पहिला धक्का सेकंदाच्या अब्जांश भागांत येऊन जातो. तो इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा काळ. नेहमीचे वीजरोधक त्याच्या वेगाला पुरे पडत नाहीत. दुसरा भाग आकाशातल्या विजेसारखा, त्याची ओळख आपल्या लाईनमनला जुनी आहे. तिसरा भाग संथ, कित्येक सेकंद किंवा मिनिटे रेंगाळणारा. तो लांबलचक तारांत शिरतो आणि त्या तारांच्या टोकाला बसलेल्या अतिउच्च दाबाच्या रोहित्रांना तापवतो. स्फोट जितका उंच तितका पल्ला मोठा. ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण २,२०० किलोमीटर परिघापर्यंतचा भूभाग नजरेच्या टप्प्यात येतो. म्हणजे नागपूरच्या झिरो माईलच्या डोक्यावर असा स्फोट झाला तर श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत, कच्छपासून अरुणाचलपर्यंत सारा देश त्या छत्रीखाली. सगळीकडे सारखाच मार बसेल असे मात्र नाही, आणि हे सांगण्यास वाहिन्या विसरतात.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात जॉन्स्टन बेटावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा बॉम्ब फोडला. तेथून १,४०० किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यावरचे सुमारे ३०० दिवे गेले, चोरघंटा आपोआप वाजू लागल्या, एका बेटाचा टेलिफोन दुवा तुटला. पुढच्या काळात अनेक उपग्रह निकामी झाले. ३०० दिवे गेले, होनोलुलू शहर अश्मयुगात गेले नाही, हेही ध्यानात ठेवा. पण त्या वेळची यंत्रे व्हॉल्व्हची, रिलेची, तांब्याच्या जाड तारांची होती.

सोव्हिएत संघाचा अनुभव आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. क्युबाचा पेच ऐन भरात असताना, २२ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांनी कझाकस्तानवर २९० किलोमीटर उंचीवर ३०० किलोटनांचा स्फोट केला. खाली ५७० किलोमीटर लांबीची टेलिफोनची खांबांवरील लाईन होती. तिला ठिकठिकाणी रिपीटर, फ्यूज आणि वायूभरल्या नळ्यांचे संरक्षण होते. फ्यूज उडाले, संरक्षक नळ्या पेटल्या. जमिनीत पुरलेली, शिशाचे आवरण असलेली सुमारे १,००० किलोमीटरची वीजवाहिनीही ट्रिप झाली आणि कारागंडाच्या वीजकेंद्राला आग लागली. पुरलेली केबल सुरक्षित, हा समज तेथेच संपला. ही माहिती जगाला कळली ती सोव्हिएत संघ मोडल्यावर, १९९० नंतरच्या दशकात. तीस वर्षे ज्या कामगारांच्या केबली जळाल्या त्यांनाही कारण ठाऊक नव्हते! अण्वस्त्रांचे राज्य कोणत्याही झेंड्याखाली असो, ते असेच चालते. १९६३ च्या कराराने वातावरणात आणि अवकाशात अणुचाचण्या करण्यास बंदी आली, हा जगातील शांतताप्रेमी जनतेचा विजय होता. त्या कराराचा अर्थ पातळ होऊ देता कामा नये, ही मागणी संरक्षणाच्या कोणत्याही यंत्राच्या आधी येते.

बॉम्ब नसला तरी सूर्य आहेच. १ आणि २ सप्टेंबर १८५९ च्या सौर वादळात अमेरिकेतील तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकून केवळ आकाशातून आलेल्या प्रवाहावर संदेश पाठविले होते. त्या वादळाची सर्वांत मोलाची चुंबकीय नोंद कोणाकडे आहे? आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेकडे. डोळ्याने काटा वाचून हाताने वहीत आकडे मांडणाऱ्या निरीक्षकांनी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपून ठेवली, आणि दीडशे वर्षांनी जगातील शास्त्रज्ञांनी ती पाने उघडली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामा येणार, त्यांच्या प्रवाहाने उपकरणे बिघडणार हे ओळखून १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलविण्यात आली. ट्राम धावली १९०७ मध्ये. तीन वर्षे आधी विचार करणारे प्रशासन परक्या सरकारचे होते, याची आजच्या नियोजनकारांना थोडी लाज वाटावी.

१३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा अशाच सौर वादळाने दीड मिनिटात कोसळली. साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. त्याच वादळात अमेरिकेत न्यू जर्सीच्या सेलम अणुवीजकेंद्राचे प्रचंड रोहित्र जळाले. दुसऱ्या एका रद्द झालेल्या प्रकल्पाचे रोहित्र शिल्लक होते म्हणून ते काही आठवड्यांत बदलता आले. तसे नसते तर नवे घडवून आणण्यास वर्ष-दीड वर्ष लागले असते. क्वेबेकची कंपनी सरकारी मालकीची आहे. तिने पुढील काळात लाईनांवर कपॅसिटर बसविले, संरक्षणाची व्यवस्था बदलली. त्यावर पैसा खर्च झाला आणि त्यातून नफा काही वाढला नाही. खाजगी भागधारकांपुढे असा खर्च मांडून पाहा, काय उत्तर मिळते ते! आपला देश चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने सौर वादळाचा धोका आपल्याला क्वेबेकपेक्षा कमी, हे मान्य. पण बॉम्बला अक्षांश विचारावे लागत नाहीत.

आता आपल्या घरचा हिशेब पाहू. बॉम्ब नाही, सूर्य नाही, शत्रू नाही. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे उत्तर ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रीड गेली. साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. बीना–ग्वाल्हेर ४०० केव्हीच्या मार्गाचे एक सर्किट नियोजित कामासाठी बंद, दुसऱ्यावर भार, ते ट्रिप झाले आणि पत्त्यांचा बंगला कोसळला. शेकडो गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. पश्चिम बंगालमध्ये ईस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींत दोनशेच्यावर खाणकामगार जमिनीखाली अडकले, कारण पिंजरा वर ओढणारी वीज नव्हती. ते सुखरूप बाहेर आले. कसे आले? पाळीवर हजर असलेल्या माणसांनी आणले. ग्रीड परत कसे उभे राहिले? जलविद्युत केंद्रांतून थोडी थोडी वीज घेऊन, एकेक उपकेंद्र जागे करीत, बेटाला बेट जोडत. वाहिन्यांनी दोन दिवस मंत्र्यांचे चेहरे दाखविले. पॅनेलसमोर छत्तीस-छत्तीस तास उभे राहिलेल्या ऑपरेटरचा चेहरा कोणी दाखविला नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल दोन-अडीच तास बंद, रुग्णालये जनरेटरवर, आणि काळ कोरोनाचा. पुढे राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखविली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असे सांगितले. सत्य काहीही असो, ‘मानवी चूक’ हे शब्द आले की बोट कोणाकडे जाते हे आपण जाणतोच. एका माणसावर तीन माणसांचे काम टाकणे ही चूक मात्र कोणत्याही अहवालात मानवी म्हणून नोंदली जात नाही.

दूरसंचाराची स्थिती याहून विदारक आहे. ज्यांनी जुन्या एक्सचेंजमध्ये रात्रपाळ्या काढल्या त्यांना बॅटरी रूममधला तो आम्लाचा वास आठवत असेल. ४८ व्होल्टची बॅटऱ्यांची रांग, तिच्यामागे इंजिन आल्टरनेटर, आणि एमडीएफवर प्रत्येक जोडीला संरक्षक नळी. बाहेर वीज असो वा नसो, ग्राहकाच्या फोनला करंट एक्सचेंजमधून जात असे. गावात अंधार असला तरी फोन वाजत असे. आज बहुतेकांच्या हातात जो फोन आहे तो टॉवरवर जगतो, टॉवर ग्रीडवर जगतो, ग्रीड गेले की काही तास बॅटरीवर आणि मग डिझेल आणणाऱ्या कंत्राटी मुलावर. तो मुलगा कोणाचा नोकर आहे हे त्यालाही नीट सांगता येणार नाही, कारण टॉवर एका कंपनीचा, सेवा दुसरीची, देखभाल तिसरीची आणि त्याची नेमणूक चौथ्याच ठेकेदाराची! सांगतात की आता सर्व प्रकाशतंतूवर आहे, काचेला विजेचा धक्का बसत नाही. खरे आहे. काचेला बसत नाही, काचेच्या दोन्ही टोकांना बसलेल्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांना बसतो, आणि त्या पेट्यांना वीज लागते.

१ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याची बीएसएनएल झाली. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलचे सुमारे १४ हजार कर्मचारी एका फटक्यात, ३१ जानेवारी २०२० रोजी, घरी गेले. सुमारे दीड लाखांचे बीएसएनएल निम्मे झाले. त्यांच्याबरोबर काय गेले? कोणती केबल कोणत्या नाल्याखालून जाते, कोणत्या खांबावर पावसाळ्यात पाणी शिरते, कोणता जॉइंट कोणी बांधला, हे सारे ज्ञान गेले. ते कोणत्याही संगणकात भरलेले नव्हते. तार परत आणा असे आमचे म्हणणे नाही. रेल्वेची वाफेची इंजिनेही परत मागत नाही. परंतु जुनी व्यवस्था मोडताना तिच्यातला जो राखीव आधार होता त्याच्या जागी काय ठेवले, एवढे विचारण्याचा हक्क आहे.

मोठ्या आपत्तीत अखेर कामाला काय येते हे आपण पाहिलेले आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजचा टेलिफोन गेला तेव्हा उपग्रह फोन आणि हौशी रेडिओवाले धावले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओ चालकांचा एक चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होता आणि अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर त्यांच्या यंत्रांवरून गेले. योगायोगाने! देशाच्या आपत्ती नियोजनात योगायोग हे कोणत्या कलमाखाली येते? आणि हेही सांगून टाकतो की संपर्क तोडण्यासाठी आपल्याकडे शत्रूच्या बॉम्बची नेहमीच गरज पडत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये मोबाईलच नव्हे तर घरचे फोनही सरकारी आदेशाने बंद झाले आणि ४जी परतले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. ज्या राज्यकर्त्यांना फोन बंद करण्याचे बटण इतके चांगले ठाऊक आहे, त्यांनी तो चालू ठेवण्याच्या कलेकडेही थोडे लक्ष द्यावे.

आमच्यावर आक्षेप येईल, तो आलाही आहे, की कामगार संघटना प्रत्येक विषय ओढून-ताणून भरती आणि खाजगीकरणावर आणतात. अणुस्फोटाचा आणि कंत्राटी हेल्परचा काय संबंध? संबंध सरकारनेच जोडला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंदीगडचे वीज कर्मचारी खाजगीकरणाविरुद्ध संपावर गेले, शहराचे अनेक भाग छत्तीस तासांहून अधिक अंधारात राहिले, तेव्हा लष्कराच्या अभियंत्यांना बोलवावे लागले आणि अत्यावश्यक सेवा कायदा लावण्यात आला. ४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रात समांतर वीज परवान्याविरुद्ध संप झाला, तेव्हाही तोच कायदा पुढे करण्यात आला. त्याच दिवशी चर्चा होऊन संप मागे घेतला गेला हा भाग वेगळा. म्हणजे संपाच्या दिवशी हा कामगार देशाच्या सुरक्षेला अत्यावश्यक, आणि वर्षाचे उरलेले ३६४ दिवस तो अतिरिक्त, बोजा, ठेकेदाराकडून स्वस्तात मिळणारा! अत्यावश्यक असेल तर त्याला कायम करा. नसेल तर त्याच्यावर अत्यावश्यकतेचा कायदा लावू नका. यातले एकच काहीतरी खरे असू शकते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा. ते म्हणतात, हे संरक्षण यंत्रांनी होते, माणसांनी नाही. पेट्यांना धातूचे कवच, वेगवान संरक्षक, रोहित्रांच्या न्यूट्रलवर प्रवाह अडविणारी साधने हवीत. हवीतच. लष्कराच्या महत्त्वाच्या केंद्रांना ती असतात, भारप्रेषण केंद्रांना आणि मोठ्या रुग्णालयांनाही मिळाली पाहिजेत. परंतु देशातील प्रत्येक उपकेंद्राला आणि प्रत्येक टॉवरला कवच घालणे कोणत्याही देशाला परवडलेले नाही. अमेरिकेने २००१ मध्ये यासाठी खास आयोग नेमला, त्याचे अहवाल २००४ आणि २००८ मध्ये आले, २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, तरी तेथील ग्रीडही काही कवचात बसलेले नाही. म्हणून शेवटी प्रश्न उरतो तो मार बसल्यानंतर किती लवकर उभे राहता हा. आणि तेथे लागते राखीव सामान आणि हात.

राखीव सामानाबद्दल एक साधी गोष्ट सांगतो. तारांना न जोडलेले, फटी नसलेल्या बंद धातूच्या पेटीत ठेवलेले यंत्र अशा लाटेतून वाचण्याची शक्यता कितीतरी अधिक. म्हणजे प्रत्येक विभागात रिले, नियंत्रण कार्डे आणि बिनतारी संच यांचा एक जोड नीट बंद होणाऱ्या लोखंडी पेटीत ठेवला तर कोट्यवधींच्या आयात यंत्रणेआधी बरेच काम होते. पण त्यासाठी भांडारात दोन सुटे भाग जास्त असावे लागतात, आणि ‘साठा शून्य’ ही हल्लीच्या व्यवस्थापनशास्त्राची गीता झाली आहे. भांडारपाल कमी केला, भांडार रिकामे केले, कार्यक्षमतेचे प्रशस्तिपत्र मिळाले. मोठ्या रोहित्रांचेही तेच. भोपाळच्या भेलसारखा सार्वजनिक कारखाना आपल्याकडे आहे. राष्ट्रीय राखीव साठा म्हणून ठराविक क्षमतेची रोहित्रे त्याच्याकडून दरवर्षी घ्यावयाची म्हटले तर कारखान्याला काम आणि देशाला आधार. अशी मागणी आम्ही केली की त्याला अनुदानाची भीक म्हणतात.

रेल्वेतल्या बंधूंना हे वेगळे सांगावयास नको. ब्लॉक यंत्र बंद पडले, सर्व संपर्क तुटला तरी पेपर लाईन क्लिअरवर गाडी काढण्याची पद्धत नियमावलीत आहे, आणि ती चालते कारण स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, गार्ड यांना ती शिकवलेली असते. वीज आणि दूरसंचारात अशी हाताची, कागदाची पद्धत किती ठिकाणी जिवंत आहे? फिडरचे नकाशे कागदावर आहेत काय? संगणक बंद असताना उपकेंद्र चालू करण्याचा सराव नव्या ऑपरेटरला कोणी दिला आहे काय? की त्याला ऑपरेटर म्हणून नेमलेच नाही, ‘आऊटसोर्स’ म्हणून बसवले आहे?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणे झाली. त्यात जिल्हाधिकारी आहेत, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आहेत, पोलीस अधीक्षक आहेत, वैद्यकीय अधिकारी आहेत. खांबावर चढणाऱ्याचा प्रतिनिधी नाही. वीज, दूरसंचार आणि रेल्वे कामगारांच्या प्रतिनिधीला त्या टेबलावर जागा मिळाली पाहिजे, स्वेच्छानिवृत्तांची नोंदवही करून त्यांना मानधनावर प्रशिक्षक म्हणून बोलावले पाहिजे, आणि कंत्राटी कामगाराला आपत्तीच्या कामात कायम कामगाराइतकाच विमा मिळाला पाहिजे. वादळात खांबावरून पडून मेलेल्या हेल्परचा मालक कोण, यावर सहा-सहा महिने पत्रव्यवहार चालतो, हे आता बंद झाले पाहिजे.

तोपर्यंत एक काम आपल्या हाती आहे. पुढच्या सरावाची तारीख जाहीर होताच प्रत्येक शाखेने आपल्या कार्यकारी अभियंत्याला, विभागीय व्यवस्थापकाला लेखी विचारावे: या विभागाचे राखीव रोहित्र कोठे ठेवले आहे, एक्सचेंजची बॅटरी किती तास चालते आणि शेवटची चाचणी केव्हा घेतली, मोबाईल बंद पडल्यास पाळीवरच्या माणसाला निरोप कसा पोहोचणार, आणि मंजूर पदांपैकी किती रिकामी आहेत. पत्राची पोच घ्यावी. उत्तर येवो न येवो, दोन्हींची प्रत फेडरेशनच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठवावी.